सिंत्रा येथील मूरांचा किल्ला

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आठव्या इयत्तेच्या वर्गांत मी वसईच्या मोहिमेचा पाठ घेत होतों. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून तट फोडला, मराठे बुरुजावर चढले, पोर्तुगीजांनीं शरणागतीचें निशाण दाखविलें, हा सर्व प्रसंग मीं फळ्यावर नकाशा काढून मोठ्या आवेशानें सांगितला. वर्ग अगदीं तल्लीन झाला होता. तास संपण्यास पांच मिनिटें उरलीं असतां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारिलें, "सर, मग किल्ल्याच्या आंत राहणाऱ्या माणसांचें काय झालें?" मीं घड्याळाकडे पाहिलें व म्हटलें, "तें परीक्षेला नाहीं." वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला कधीं प्रश्न विचारिल्याचें मला आठवत नाहीं.

हा प्रसंग मी पार विसरून गेलों होतों. तो मला आठवला तो येथून हजारों मैलांवर, पोर्तुगाल देशांतील एका डोंगरी गांवांत, एका जुन्या थडग्यापुढें उभा असतांना. तें कसें घडलें तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

यंदाच्या दिवाळीच्या सुटींत शिक्षकांच्या एका परिषदेच्या निमित्तानें लिस्बन येथें जाण्याचा योग आला. परिषदेचें काम आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. बरोबरच्या मंडळींचा बेत समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा होता. परंतु ज्याचें बाळपण अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाभोंवतीं हुंदडण्यांत गेलें, त्याचे पाय किल्ल्याचें नांव ऐकतांच तिकडेच वळावयाचे. लिस्बनपासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर सिंत्रा नांवाचें गांव असून त्याच्या माथ्यावर मूरांचा किल्ला आहे, हें मीं वाचलें होतें. दुसरेंहि एक कारण होतें. दीवचा वेढा इ. स. १५४६ मध्यें उठविणारा पोर्तुगीज गव्हर्नर दों ज्युआंव द कास्त्रु याची बाग याच डोंगराच्या उतारावर आहे. दीवचा पडलेला कोट पुन्हा उभारावयास पैसा हवा होता, तेव्हां या गृहस्थानें आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे पाठविले, ही कथा मीं कित्येक वर्गांस सांगितली आहे. त्याचें गांव पाहावें अशी इच्छा होती.

लिस्बनच्या रोसियो स्टेशनांतून निघालेली गाडी चाळीस मिनिटांत सिंत्र्यास पोंचते. हा लोहमार्ग इ. स. १८८७ पासून चालू आहे. गाडींतून उतरलों तों सगळें गांव धुक्यांत बुडालेलें. अटलांटिक महासागराचा ओला वारा या डोंगरावर येऊन थडकतो व त्याचें धुकें होतें. लिस्बनला लखलखीत ऊन असलें तरी सिंत्र्याचा डोंगर पुष्कळ वेळां ढगांत असतो. गांवाच्या मध्यभागीं जुना राजवाडा आहे. त्याच्या मुदपाकखान्याचीं ३३ मीटर उंचीचीं दोन पांढरीं धुराडीं प्रचंड निमुळत्या बाटल्यांप्रमाणें धुक्यांतून वर आलेलीं दिसत होतीं. एका लहानशा दुकानांत मीं केजादा नांवाची तेथील प्रसिद्ध मिठाई घेतली. ताजें चीज, अंडीं व साखर यांचें सारण पातळ पारींत भरून ती भाजतात आणि वर दालचिनीचा वास असतो. या एका वासासाठीं पोर्तुगीज गलबतें केवढा समुद्र ओलांडून आपल्याकडच्या किनाऱ्यांवर आलीं, हा विचार मनांत येऊन पहिला घास जरा रेंगाळत खाल्ला.

गांवांतून सांता मारियाच्या जुन्या चर्चवरून एक पाऊलवाट किल्ल्याकडे चढते. मोटारगाडीहि वर जाते, परंतु किल्ल्यावर पायींच जावें असा माझा नियम आहे. दोन्ही बाजूंस दाट झाडी, नेचे आणि घराएवढाले ग्रॅनाइटचे गोल धोंडे. प्रत्येक धोंड्यावर शेवाळाची हिरवी मखमल पसरलेली. आपल्या सह्याद्रीवर श्रावणांत जसा दगडादगडांतून पाझर फुटतो, तसेंच तेथें झाडांच्या पानांवरून धुकें ठिबकत होतें. चढणीस पाऊण तास लागला. धाप लागली, परंतु ती कोणास दिसूं नये म्हणून मी मधून मधून निसर्गशोभा पाहण्याच्या मिषानें थांबत होतों.

बाहेरच्या तटाच्या दारांतून आंत शिरल्यावर लगेच बालेकिल्ला लागत नाहीं. वाट एका उतारावरून जाते. तेथें एक पडकें लहान चर्च, कांहीं उकरलेली जमीन आणि झाडाखालीं एक दगडी थडगें असें कांहींबाहीं दिसलें. मीं तिकडे नीट लक्षहि दिलें नाहीं. मला बुरुजावर जावयाचें होतें. तेथील पाटी वाचीत उभ्या असलेल्या एका कुटुंबास वळसा घालून मी भराभर पुढें गेलों.

हा किल्ला सुमारें हजार-अकराशें वर्षांपूर्वीं मूरांनीं बांधिला. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेंतून आलेले मुसलमान. त्यांत अरब होते, बर्बर होते, आणि पुढें त्यांचा धर्म स्वीकारलेले तद्देशीय लोकहि होते. इ. स. ७११ मध्यें ते समुद्र ओलांडून आले व आजच्या स्पेन व पोर्तुगालच्या बहुतेक भागावर त्यांचा अंमल बसला. लिस्बन बंदराकडे येणारीं गलबतें दुरून दिसावींत म्हणून त्यांनीं या डोंगराच्या दोन शिखरांभोंवतीं तट घातला. बालेकिल्ल्याचा घेर सुमारें ४५० मीटर आहे. म्हणजे आपल्या रायगडापुढें हें लेंकरूंच म्हणावयाचें. परंतु तट कसा, तर डोंगराच्या कण्यावरून सापासारखा वळत गेलेला. मोठमोठे धोंडे होते तसेच ठेवून त्यांच्यामधली जागा चिरेबंदी भिंतीनें भरून काढली आहे. कोठें डोंगर संपतो व कोठें भिंत सुरू होते तें कळूं नये. आंत पाण्याचें टाकें आहे. टांक्यावांचून डोंगरी किल्ला नांदत नाहीं, हा नियम तेथेंहि खराच.

चर्यांच्या आडून पायऱ्या चढत मी सर्वांत उंच बुरुजावर गेलों. पोर्तुगालच्या निरनिराळ्या काळांतील निशाणें बुरुजांवर फडफडत होतीं, आणि एक हिरवें निशाण होतें, त्यावर अरबी लिपींत सिंत्रा हें नांव लिहिलेलें. मी पोंचलों आणि घटकाभरानें वाऱ्यानें धुकें फाडलें. खालीं गांव, राजवाड्याचीं तीं दोन धुराडीं, लाल कौलांचीं घरें, आणि पलीकडे चांदीच्या पत्र्यासारखा समुद्र. शेजारच्या शिखरावर पेना राजवाड्याचे लाल-पिवळे मनोरे उजळले. याच डोंगररांगेचें पश्चिम टोंक समुद्रांत घुसलें आहे. तें युरोप खंडाच्या भूमीचें अगदीं शेवटचें पश्चिमेकडील टोंक होय. मनुष्य इतक्या उंचावर उभा राहिला कीं त्याला आपणच हा किल्ला जिंकला असें वाटूं लागतें. मलाहि तसेंच वाटलें. मी मनांतल्या मनांत पुढच्या वर्षाचा धडा रचूं लागलों. कोणी केव्हां जिंकिला, कोण हरला, फळ्यावर बाण कोठून कोठें काढावयाचे.

आतां हा इतिहास जसा मला ठाऊक होता तसा थोडक्यांत सांगतों. नॉर्वेचा राजा सिगुर्ड यरुशलेमच्या यात्रेस निघाला असतां इ. स. ११०९ च्या सुमारास या किनाऱ्यास लागला. त्याच्या देशाच्या जुन्या बखरींत लिहिलें आहे कीं, त्यानें सिंत्र्याचा किल्ला घेतला आणि आंतील लोक बाप्तिस्मा घेईनात म्हणून त्यांस ठार केलें. आणि तेथेंच मिळालेल्या मोठ्या लुटीचाहि उल्लेख केला आहे. पुढें इ. स. ११४७ मध्यें पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रीकिश यानें इंग्लंड, फ्लँडर्स व जर्मनी येथून आलेल्या क्रूसयोद्ध्यांच्या साहाय्यानें लिस्बनला जवळजवळ चार महिने वेढा दिला. त्या शहरांत मूरांच्या अमलाखालीं पिढ्यानपिढ्या राहिलेले ख्रिस्ती लोकहि होते व त्यांचा एक वृद्ध बिशप होता. शहर पडल्यावर क्रूसाचें चिन्ह अंगावर लावलेल्या सैनिकांनींच त्या म्हाताऱ्या बिशपास ठार मारिलें, असें मोहिमेबरोबर असलेल्या एका लेखकानें लिहून ठेविलें आहे. लिस्बन पडल्याचें ऐकून सिंत्र्याच्या मूरांनीं मात्र लढाईवांचून किल्ला स्वाधीन केला. इ. स. ११५४ मध्यें राजानें तीस वसाहतकऱ्यांस सनद देऊन तेथें वसविलें. पुढें किल्ल्याची गरज सरली, लोक खालीं गांवांत उतरले, इ. स. १७५५ च्या मोठ्या भूकंपानें तट ढासळले आणि रान माजलें.

हे सर्व सन मला तोंडपाठ होते. त्या उंच बुरुजावर उभें राहून ते मीं मनांत घोकलेहि. परंतु उतरतांना पाऊस आला. पावसानें शिक्षकाची कशी परीक्षा घ्यावी पाहा. आसऱ्यासाठीं मला त्या पडक्या चर्चकडेच धांवावें लागलें. ज्याच्याकडे मीं चढतांना ढुंकूनहि पाहिलें नव्हतें.

हें चर्च संत पेत्राच्या नांवाचें आहे. किल्ला ख्रिस्त्यांच्या हातीं आल्यावर बाराव्या शतकांत बांधलेलें तें सिंत्र्याचें पहिलें चर्च होय. आज तेथें उत्खननांत मिळालेल्या वस्तूंचें लहानसें संग्रहालय केलें आहे. मडक्यांचीं खापरें, दिवे, हाडें, अशा वस्तु पाहात पाहात मी बाहेरच्या उतारावरील पेंवांपाशीं आलों. होय, पेंवेंच! आपल्या खेड्यांत जमिनीखालीं खोदून जोंधळा सांठवीत असत, अगदीं तशींच, अरुंद तोंडाचीं व आंत रुंद होत गेलेलीं, खडकांत खोदलेलीं धान्याचीं पेंवें. मूरांचीं घरें तेथें होतीं. त्या पेंवांत त्यांनीं धान्य ठेविलें. पुढें पेंवें निकामी झालीं तेव्हां लोकांनीं त्यांत घरचा केर टाकला. आणि आज त्या केरांतूनच विद्वान लोक ते काय खात व कशांत शिजवीत तें ओळखतात.

त्या पेंवाच्या कांठावर वांकून आंत पाहतांना मला एकाएकीं त्या मागच्या बाकावरील मुलाचा आवाज ऐकूं आला. सर, मग किल्ल्याच्या आंत राहणाऱ्या माणसांचें काय झालें? बुरुजावर ज्याचें उत्तर नव्हतें तो प्रश्न या अंधाऱ्या खळग्याच्या तोंडाशीं मला अडवून उभा राहिला.

काय झालें बरें त्यांचें? जें मला ठाऊक होतें तें मीं आठवूं लागलों, आणि आश्चर्य असें कीं, मला पुष्कळच ठाऊक होतें. केवळ तें मीं कधीं एकत्र मांडलें नव्हतें. त्याच आफोंसु राजानें इ. स. ११७० मध्यें लिस्बन व आसपासच्या मूरांस सनद देऊन संरक्षण दिलें. लिस्बनच्या कोटाबाहेर त्यांची वस्ती झाली. त्या पेठेस आजहि मोरारीया, म्हणजे मूरवाडा, असेंच म्हणतात. सव्वातीनशें वर्षें ते तेथें राहिले. मग इ. स. १४९६ च्या अखेरीस राजा मानुएल यानें यहुदी व मूर यांनीं देश सोडावा असा हुकूम काढिला. कांहीं गेले. कांहीं नांव व धर्म बदलून राहिले व लोकांत मिसळून गेले. परंतु त्यांची बोली कोणास हांकलून देतां आली नाहीं. पोर्तुगीज माणूस साखरेला ‘आसुकार’ म्हणतो, तेलाला ‘आझैत’ म्हणतो, खेड्याला ‘आल्देया’ म्हणतो. हे सर्व अरबी शब्द. आपण पाव, बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीज शब्द जसे घरचे समजून वापरतों, तसेंच तें. ‘असें होवो’ या अर्थीं तेथील भाविक ख्रिस्ती आजी ‘ओशाला’ म्हणते, तेव्हां ती न कळत अरबीतून अल्लाच्या इच्छेचेंच स्मरण करीत असते. आणि इ. स. १९१७ पासून ज्या ठिकाणीं पवित्र मरियेच्या दर्शनासाठीं लाखों यात्रेकरू जातात, त्या गांवाचें नांव आहे फातिमा.

याच डोंगराच्या पश्चिम उतारावर दों ज्युआंव द कास्त्रु याची ती बाग. ती खासगी मालकीची असल्यानें मला बाहेरूनच पाहावी लागली. तेथें हिंदुस्थानांतून नेलेला एक संस्कृत शिलालेख ठेविला होता. तो सोमनाथ-पाटणचा, इ. स. १२८७ मधला, गुजराथच्या सारंगदेव राजाच्या वेळचा. त्रिपुरांतक नांवाच्या एका शैव साधूनें अनेक तीर्थांची यात्रा करून सोमनाथास पांच देवळें बांधिलीं, असें त्यांत वर्णन आहे. कोठला तो शैव साधु, कोठला तो कॅथॉलिक विजेता आणि कोठला तो मूरांचा डोंगर! जिंकणारा दगड उचलून नेतो, परंतु दगडावरचीं अक्षरें आपली गोष्ट सांगावयाचें सोडीत नाहींत.

पाऊस थांबला आणि मी अखेर त्या थडग्याजवळ गेलों. त्याची हकीकत अशी आहे. एकोणिसाव्या शतकांत राणी दुसरी मारिया हिचा पति फर्नांदु, जो जन्मानें जर्मन राजपुत्र असून व्हिक्टोरिया राणीच्या आल्बर्टचा चुलतभाऊ होता, त्याला या डोंगराचा मोठा छंद जडला. इ. स. १८४० च्या सुमारास त्यानें हा किल्ला दुरुस्त करावयास घेतला, तट उभारले, वाटा काढिल्या, झाडें लाविलीं. तें काम चाललें असतां मजुरांच्या कुदळींस माणसांचीं हाडें लागलीं. एक नाहीं, दोन नाहीं, पुष्कळ. हाडें सगळीं एकत्र मिसळलेलीं. हीं कोणाचीं? ख्रिस्त्यांचीं कीं मूरांचीं? मूर आपल्या मृतास उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून ठेवीत. ख्रिस्ती पाठीवर, पूर्वेकडून उगवणाऱ्या प्रभूची वाट पाहात ठेवीत. सांगाडा जागच्या जागीं असेल तर त्याचा धर्म ओळखतां येतो. परंतु एकदां कुदळीनें हाडें विस्कटलीं म्हणजे मांडीच्या हाडावर कोणताहि धर्म लिहिलेला नसतो.

फर्नांदु राजानें काय करावें? त्यानें तीं सर्व हाडें गोळा करविलीं, एकाच थडग्यांत ठेवविलीं, आणि त्या दगडावर क्रूस व चंद्रकोर हीं दोन्ही चिन्हें कोरविलीं. खालीं लेख आहे, त्याचा भावार्थ असा कीं, येथें जें एकत्र आलें तें वेगळें करणें देवाचें काम आहे.

मी त्या ओल्या दगडापुढें किती वेळ उभा होतों कोण जाणे. प्रथम वाटलें, ही राजाची एक लहर. मग मला मत्तयाच्या शुभवर्तमानांतील निदणाचा दाखला आठवला. चाकर धन्यास विचारतात, गव्हांत निदण उगवलें आहे, उपटून टाकूं काय? धनी म्हणतो, नको. कापणीपर्यंत दोन्ही वाढूं द्या. हा दाखला मीं रविवारच्या शाळेंत कितीदां तरी शिकविला आहे. शिकवितांना आपण गहूं आहों हें मात्र मी दरवेळीं गृहीत धरीत आलों होतों. सिगुर्ड राजानेंहि तेंच गृहीत धरिलें होतें.

आणि मग जें आठवलें तें पुस्तकांतलें नव्हतें. तें आमच्या घरांतलें होतें.

माझे पणजोबा इ. स. १९०० च्या दुष्काळांत पोरवयांत मिशनच्या आश्रयास आले, शिकले व पुढें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची आई त्यांच्याजवळच राहात असे. ती मुलासाठीं चुलीवर भाकरी करी, त्याच्या प्रार्थनेच्या वेळीं दाराशीं बसे, परंतु बाप्तिस्मा मात्र तिनें घेतला नाहीं. आपल्या आईबापांचा देव तिला सोडवेना. ती वारली तेव्हां ख्रिस्ती दफनभूमीच्या पंचांनीं सांगितलें कीं, बाप्तिस्मा न झालेल्यांस येथें जागा नाहीं. गांवच्या मंडळींनीं सांगितलें कीं, जिचा मुलगा बाटला तिला आमच्या मातींत जागा नाहीं. एक दिवस आणि एक रात्र पणजोबा आईच्या उशाशीं बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं व त्यांच्या एका मित्रानें तिला ओढ्याच्या कांठीं बाभळींखालीं पुरलें. दगड नाहीं, खूण नाहीं. तिचें नांवहि आज आमच्या घरीं कोणास सांगतां येत नाहीं. माझी आजी ही गोष्ट सांगे तेव्हां शेवटीं एवढेंच म्हणे, "दोन्हीकडच्यांनीं तिला वाटून द्यायचं तर कुणीच घेतली नाही."

मी लहानपणीं ही गोष्ट ऐकली आणि मोठेपणीं तिच्याकडे पाठ फिरविली. आपल्या कुळाचा इतिहास सांगतांना मी नेहमीं पणजोबांच्या बाप्तिस्म्यापासून आरंभ करीं. तिचें काय झालें, तें माझ्याहि परीक्षेला नव्हतें! परक्या मुलखांत, परक्या लोकांच्या थडग्यापुढें, माझ्या डोळ्यांस पाणी आलें तें या लाजेनें. एका परदेशीं राजानें ज्यांचीं नांवेंगांवें ठाऊक नाहींत अशांच्या हाडांसहि एक दगड दिला, आणि आम्ही चार पिढ्या ख्रिस्ती म्हणवून आपल्या आईस एक दगड देऊं शकलों नाहीं.

परत आल्यावर नाताळापूर्वीं मी वडिलांस घेऊन त्या खेड्यांत गेलों. वडील आतां ऐंशीच्या घरांत आहेत. ओढ्यावर बंधारा झाला आहे, बाभळी केव्हांच तुटल्या, नेमकी जागा सांपडणें शक्यच नव्हतें. तेथल्या एका शेतकऱ्यास विचारून आम्हीं बांधाच्या कडेला एक साधा काळा दगड उभा केला. मीं टांकी-हातोडी बरोबर नेली होती. काय कोरावें या विचारांत मी होतों, तों वडील म्हणाले, "राहूं दे रे. तिनें कुठलं चिन्ह मागितलं होतं? ती कोण होती तें देवाला ठाऊक आहे." आम्ही दोघांनीं मान लववून प्रार्थना केली. शेतकरी टोपी काढून शेजारीं उभा राहिला. त्यानें आमची जात विचारली नाहीं व आम्हीं त्याची विचारली नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, किल्ला पाहावयास जाल तेव्हां बुरुजावर अवश्य जा. तेथून दूरवर दिसतें. परंतु चढतांना वाटेंतलीं पेंवें व थडगीं ओलांडून जाऊं नका. जिंकणाऱ्यांचीं नांवें पाठ्यपुस्तकांत आहेत, तीं पाठ करा. परंतु त्या दिवशीं किल्ल्याच्या आंत चूल कोण पेटवीत होतें हेंहि विचारा. आणि तुमच्या गुरुजींनीं तें परीक्षेला नाहीं म्हणून टाळलें तर पुन्हा विचारा.

आणि ज्या मुलानें मला तो प्रश्न विचारला होता तो आज शाळा सोडून गेला आहे. हें वार्षिक त्याच्या हातीं पडलें तर हें त्याचें उत्तर आहे. बाळ, इ. स. १७३९ मध्यें वसई पडली तेव्हां ज्यांस जावयाचें होतें त्यांस चिमाजी आप्पांनीं बायकामुलांसह व चीजवस्तूंसह जाऊं दिलें. पुष्कळ लोक मात्र तेथेंच राहिले. त्यांनीं तीच जमीन कसली, त्याच विहिरींचें पाणी काढिलें, आणि त्यांचे वंशज आज वसईच्या चर्चमध्यें मराठींत देवाची उपासना करितात. तुझा प्रश्न चांगला होता. उत्तर देण्यास मला उशीर झाला, याबद्दल तुझ्या गुरुजींस क्षमा कर.